वर्गमूळ हाताने काढलं की उत्तर चुकतंच? खोडण्याआधी चूक नीट बघा

०.९ चं वर्गमूळ ०.३. खाली दोन रेघा आणि भोवती चौकट.

माझ्याकडे संध्याकाळी आठवी ते दहावीची मुलं गणिताला येतात. त्यांच्या वह्यांत हे उत्तर दरवर्षी, अगदी न चुकता, कुणाच्या ना कुणाच्या हातून उतरतं. विचारलं तर म्हणतात, "सर, पद्धत येते, पण उत्तर जमत नाही." मग खोडरबर, मग पुन्हा तीच वाट आणि पुन्हा तेच उत्तर. पूर्वी मीही "परत कर" एवढंच म्हणायचो. हल्ली खोडू देत नाही. चुकलेलं आणि बरोबर अशी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहायला लावतो आणि विचारतो: किती पटीने चुकलंय? कमी आलंय की जास्त? बाकी किती उरली होती? वर्गमूळातल्या नेहमीच्या चुका पाच-सहाच आहेत आणि प्रत्येकीचं पाऊल वेगळं उमटतं. ते ओळखता आलं की सगळं गणित पुन्हा करायची गरज पडत नाही.

उत्तर तीन-सव्वातीन पटीने चुकतंय

०.९ चं खरं वर्गमूळ ०.९४८७ च्या आसपास आहे. त्याला ०.३ ने भागा, ३.१६ येतात. हा आकडा ओळखीचा आहे: १० चं वर्गमूळ. तुमचं उत्तर खऱ्या उत्तराच्या ३.१६ पट कमी किंवा जास्त असेल तर बाकी काही तपासत बसू नका, जोड्या चुकल्या आहेत.

भागाकार पद्धतीत संख्येचे अंक दोन-दोनच्या जोड्यांत पाडतात आणि एकेका जोडीमागे मुळाचा एकेक अंक काढतात. या जोड्या दशांश चिन्हापासून पाडायच्या असतात, दोन्ही बाजूंना. चिन्हाच्या डावीकडे शेवटी एकटा अंक उरला तर तो एकटाच राहतो. उजवीकडे एकटा उरला तर त्याला शून्याचा जोडीदार द्यावाच लागतो. म्हणजे ०.९ हे ०.९० आहे आणि जोडी ९ ची नसून ९० ची आहे. ९० च्या आतला मोठा वर्ग ८१, म्हणून उत्तराची सुरुवात ०.९ ने होणार. जो मुलगा ९ ला एकटा सोडतो तो नकळत ०.०९ चं वर्गमूळ काढत असतो, आणि ते ०.३ आहेच. त्याचं गणित बरोबर असतं, फक्त ते दुसऱ्याच संख्येचं असतं.

२५, २.५ आणि २५० या तीन संख्या एका ओळीत लिहून बघा. वर्गमूळं येतात ५, १.५८१ आणि १५.८१. २.५ आणि २५० एका घरातले, २५ दुसऱ्या घरातला. संख्या १०० पट झाली तर वर्गमूळ १० पट होतं, अंक तेच राहतात. संख्या १० पट झाली तर अंकच बदलतात. त्यामुळे "२५ चं ५, म्हणून २.५ चं ०.५" ही उडी मारता येत नाही.

१ पेक्षा लहान संख्येचं वर्गमूळ त्या संख्येपेक्षा मोठं असतं, हे मुलांना पटता पटत नाही. "मूळ मोठं कसं असेल?" हा प्रश्न मला रास्तच वाटतो. मी त्यांना जुन्या भाषेत सांगतो: अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव. मग पावाचं वर्गमूळ काय? अर्धं. पाव लहान, अर्धं मोठं. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं.

अंकच कमी आलाय

९३०२५ चं वर्गमूळ ३५. हे उत्तर बघून कुणालाही संशय यायला हवा, कारण ३५ चा वर्ग हजार-दीड हजाराच्या घरात आणि इथे लाखाजवळची संख्या आहे. पण भागाकार पद्धतीत मान खाली घालून काम करताना तो येत नाही.

जोड्या: ९, ३०, २५. जोड्या तीन, म्हणजे उत्तरात अंक तीन. हे गणित सुरू करायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पहिला अंक ३, बाकी शून्य. ३० खाली घेतले. ३ ची दुप्पट ६. आता ६ च्या पुढे एक अंक लावायचा आणि साठ-कितीतरी गुणिले तोच अंक, हे ३० च्या आत बसवायचं. ६१ गुणिले १ म्हणजे ६१, बसत नाही. इथे मुलं "बसत नाही" म्हणून सरळ पुढची जोडी खाली ओढतात. बसत नाही म्हणजे अंक शून्य आहे, आणि तो वर उत्तरातही लिहायचा आणि भाजकातही. भाजक ६० होतो, मग ३०२५ साठी ६०५ गुणिले ५ बरोबर ३०२५. उत्तर ३०५.

साध्या भागाकारातही वर शून्य द्यायला मुलं विसरतात, तीच ही सवय. फरक इतकाच की इथे शून्य दोन ठिकाणी द्यावं लागतं, म्हणून विसरायला दोन संधी मिळतात.

बाकी भलतीच मोठी उरतेय

एका मुलाने ७५६९ चं वर्गमूळ ८९ काढलं आणि बाकी ३६८. मी विचारलं, "बाकी एवढी कशी?" तो म्हणाला, "पूर्ण वर्ग नसेल."

वर्गमूळात बाकी किती उरू शकते याला मर्यादा आहे: आलेल्या मुळाच्या दुपटीपेक्षा जास्त कधीच नाही. ८९ ची दुप्पट १७८. त्याहून जास्त उरलं तर पुढच्या पूर्ण वर्गालाही जागा होती, म्हणजे कुठेतरी चूक आहे. कारण साधं आहे, कोणत्याही संख्येच्या वर्गापासून पुढच्या संख्येच्या वर्गापर्यंतचं अंतर त्या संख्येच्या दुपटीहून एकनेच जास्त असतं. ८ चा वर्ग ६४, ९ चा ८१, अंतर १७.

त्या मुलाने पहिला अंक ८ घेतल्यावर त्याची दुप्पट केलीच नव्हती. १६ च्या ऐवजी ८ च पुढे नेला, मग ८९ गुणिले ९ बरोबर ८०१ आणि बाकी ३६८. दुप्पट केली असती तर १६७ गुणिले ७ बरोबर ११६९, बाकी शून्य, मूळ ८७.

याच नियमाची उलटी चूकही दिसते. काही हुशार मुलं साध्या भागाकारातला "बाकी भाजकापेक्षा लहान हवी" हा नियम इथे आणतात. ८० साठी मूळ ८ आणि बाकी १६ आली की त्यांना घाम फुटतो, कारण १६ हे ८ पेक्षा मोठे. पण १६ म्हणजे बरोबर ८ ची दुप्पट, चालतं. खरोखरच ८० हे ८१ च्या उंबरठ्यावर उभे आहेत.

दुपटीचा आणखी एक ताळा: प्रत्येक पायरीला, नवा अंक चिकटवण्याआधी, भाजक हा आतापर्यंतच्या मुळाच्या बरोबर दुप्पट असला पाहिजे, दशांश चिन्ह विसरून. ७६०० साठी मूळ ८७ आलं तर भाजक १७४. पुढे ८७.१ आलं तर १७४२. १६७ मध्ये शेवटचा ७ मिळवायचा राहिला, तर पहिले दोन अंक बरोबर येतात आणि गणित तिसऱ्या-चौथ्या अंकापाशी हळूच रुळावरून घसरतं. त्यामुळे ही चूक सगळ्यात उशिरा सापडते.

अंदाज दरवेळी थोडा कमी, किंवा दरवेळी थोडा जास्त

खरी गंमत इथे आहे आणि खरी भांडणंही.

७० चं वर्गमूळ हवं आहे. ६४ आणि ८१ च्या मध्ये, म्हणजे ८ आणि ९ च्या मध्ये. ६४ च्या पुढे ६ पावलं आलोय. एका शिक्षकांनी शिकवलेलं असतं: ६ ला ८ च्या दुपटीने, म्हणजे १६ ने भागा. उत्तर ८.३७५. दुसऱ्यांनी शिकवलेलं असतं: ६४ ते ८१ अंतर १७, म्हणून १७ ने भागा. उत्तर ८.३५३. दोन क्लासची दोन मुलं माझ्यासमोर बसतात आणि विचारतात, कुणाचे सर बरोबर?

दोघांचेही. खरं उत्तर ८.३६६६ आहे, दोघांच्या मध्ये. १७ ने भागणारा कायम थोडा कमी पडतो आणि १६ ने भागणारा कायम थोडा पुढे जातो. पूर्ण वर्ग सोडून कुठलीही संख्या घ्या, हे बदलत नाही. ८ चा वर्ग ६४ आणि ९ चा ८१, त्यांचा मध्य ७२.५, पण ८.५ चा वर्ग ७२.२५ च येतो. वर्ग सुरुवातीला हळू वाढतात आणि पुढे वेग घेतात, म्हणून सरळ रेषेने वाटणी केली की मूळ मागे राहतं. १६ ने भागताना आपण ८ पाशी असलेला हळू वेगच शेवटपर्यंत धरून चालतो, त्यामुळे मूळ पुढे निघून जातं.

माझा सल्ला: दोन्ही काढा. एक भागाकार जास्त पडतो, पण खरं उत्तर दोन भिंतींच्या मध्ये कोंडलं जातं. बहुपर्यायी प्रश्नात तेवढ्यावरच तीन पर्याय गळून पडतात.

एकच काढायचं असेल तर संख्या कुठे आहे ते बघा. खालच्या वर्गाला चिकटून असेल तर दुप्पटवाला भागाकार चांगला: ६५ साठी ८ अधिक एक सोळांश म्हणजे ८.०६२५, खरं उत्तर ८.०६२३. वरच्या वर्गाच्या जवळ असेल तर वरून खाली या. ६० साठी ७ पासून चढत गेलात तर ७.७८६ येतं, ८ पासून उतरलात तर ८ वजा चार सोळांश, म्हणजे ७.७५. खरं ७.७४६. इतका सोपा फायदा, पण वरून उतरायचं मुलांना सुचत नाही. पाढे चढत्या क्रमानेच म्हटल्याचा परिणाम असावा.

लहान संख्यांना मात्र ही युक्ती दगा देते. ३ साठी १ अधिक दोन द्वितीयांश म्हणजे चक्क २, आणि दुसरी भिंत १.६६७. इतक्या लांबच्या भिंतींचा काय उपयोग? इथे संख्या आधी फुगवायची. ३ च्या जागी ३०० घ्या आणि शेवटी १० ने भागा. १७ चा वर्ग २८९, पुढे ११ उरले. ११ भागिले ३४ आणि ११ भागिले ३५. भिंती १७.३२४ आणि १७.३१४, म्हणजे ३ चं मूळ १.७३१४ आणि १.७३२४ च्या मध्ये. खरं १.७३२०५. आणखी बारकाई हवी तर ३०,००० घ्या.

ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, एखाद्या मोठ्या वर्गाने गुणून मूळ काढायचं आणि मग भागायचं, असं सांगितलंय. तिथल्या उदाहरणात काटकोन त्रिकोणाच्या दोन्ही बाजू सव्वातीन आहेत, त्यामुळे कर्णाचा वर्ग १६९ भागिले ८ येतो. अंश आणि छेद गुणून १३५२, त्याला दहा हजारांनी गुणून १,३५,२०,०००. त्याचं जवळचं मूळ ३६७७. त्याला ८ गुणिले १००, म्हणजे ८०० ने भागलं की ४ पूर्णांक ४७७ अष्टशतांश. दशांशात ४.५९६२५, आणि खरा कर्ण ४.५९६१९. हाताने, दशांश चिन्ह नसताना!

यात आणखी एक दुखणं बरं होतं. अपूर्णांकाचं मूळ काढताना मुलं अंशाचं वेगळं आणि छेदाचं वेगळं काढतात, मग दोन अर्धवट दशांश एकमेकांनी भागत बसतात. ७ भागिले ८ चं मूळ हवं असेल तर २.६४६ ला २.८२८ ने भागू नका. ७ गुणिले ८ म्हणजे ५६, त्याचं मूळ ७.४८३, भागिले ८, झालं ०.९३५४. एकच मूळ काढावं लागलं आणि भाजक पूर्णांक राहिला.

एक अंक चुकला की पुढचं सगळं चुकतं

भागाकार पद्धतीचा हा स्वभावच आहे. एका पायरीत घसरलात की पुढची प्रत्येक पायरी त्या चुकीवर उभी राहते. हात कच्चा असेल तर मी सरळ सरासरीची पद्धत सांगतो, कारण ती चुका पोटात घालते.

७० चं मूळ: अंदाज धरा ८.४. ७० भागिले ८.४ बरोबर ८.३३३. दोघांची सरासरी ८.३६६७. झालं, तीन दशांश स्थळं हातात. आणखी हवं तर हेच नव्या अंदाजाने पुन्हा करा. दर फेरीला बरोबर अंक साधारण दुप्पट होतात. मधल्या भागाकारात चूक झाली तरी बिघडत नाही, चुकलेलं उत्तर म्हणजे पुढच्या फेरीचा नवा अंदाज. एखादी फेरी वाढेल, इतकंच.

इथल्या नेहमीच्या दोन तक्रारी. पहिली, "भागाकार फार लांबतो." पहिल्याच फेरीत सहा-सहा अंक काढाल तर लांबणारच. अंदाजच कच्चा असताना तीन अंक पुष्कळ झाले. दुसरी, "उत्तर नेहमी किंचित जास्त येतं." येणारच. अंदाज मुळाहून कमी असेल तर भागाकार जास्त येतो, अंदाज जास्त असेल तर भागाकार कमी. मूळ या दोघांच्या मध्ये असतं, आणि सरासरी त्याच्या किंचित पुढे पडते. ही चूक नाही, उलट भरवशाची गोष्ट आहे: शेवटच्या अंकाबद्दल शंका असेल तर खालच्या बाजूला झुका.

२ साठी दीडपासून सुरुवात करून बघा. पहिल्या फेरीत १७ भागिले १२, दुसऱ्या फेरीत ५७७ भागिले ४०८. बौधायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात, चौरसाच्या कर्णासाठी नेमकी हीच किंमत येते, फक्त बोलण्याची रीत वेगळी: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, मग त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग काढून टाका. गुणून बघा, ५७७ भागिले ४०८ च येतात. १.४१४२१६. खरं १.४१४२१४. अपेक्षेप्रमाणे किंचित जास्त.

८.३६ की ८.३७?

७० चं मूळ "दोन दशांश स्थळांपर्यंत" म्हटलं की मुलं दोन अंक काढून थांबतात आणि ८.३६ लिहितात. तिसरा अंक ६ आहे, म्हणून उत्तर ८.३७. पण तिसरा अंक काढायचा कंटाळा असेल तर एक आडवाट आहे. ८.५ चा वर्ग म्हणजे ८ गुणिले ९ अधिक पाव, हे आठवा. तसंच ८३६ गुणिले ८३७ करा: ६,९९,७३२. हे ७,००,००० पेक्षा कमी आहे, म्हणजे मूळ ८.३६५ च्या पलीकडे, म्हणून वर. गुणाकार मोठा आला असता तर ८.३६ च ठेवायचं.

शेवटच्या अंकाची युक्ती

स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी थोडक्यात. ५१८४ च्या शेवटी ४, म्हणून मुळाच्या शेवटी २ किंवा ८. ५१ च्या आतला मोठा वर्ग ४९, म्हणून पहिला अंक ७; म्हणजे ७२ किंवा ७८. ७५ चा वर्ग ५६२५, त्यापेक्षा संख्या लहान, म्हणून ७२. छान. पण हे पूर्ण वर्गालाच लागू आहे. एका मुलीने ५३३४ ला हीच युक्ती लावून ७२ लिहिलं. खरं मूळ ७३.०३. संख्येच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ असेल तर ती पूर्ण वर्ग नसते हे पक्कं, पण शेवटी ४ आहे म्हणून ती पूर्ण वर्ग आहे असं उलटं म्हणता येत नाही.

उत्तर बरोबर, टेप चुकीचा

ही तक्रार वहीतली नाही, आमच्या घराच्या पायातली आहे. पाया ३३ फूट बाय ४७ फूट. फक्की टाकून, म्हणजे चुन्याच्या पुडीने आखणी करून, झाली होती आणि चौकोन गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, ते कर्ण मोजून बघायचं होतं. ३३ चा वर्ग १०८९, ४७ चा २२०९, बेरीज ३२९८. ५७ चा वर्ग ३२४९, पुढे ४९. ४९ भागिले ११४ म्हणजे ०.४३. मी ऐटीत सांगितलं, "मामा, ५७.४३ फूट." गवंडी मामांनी टेपवर ५७ फूट ४ इंच आणि वर थोडं धरलं. पाऊण इंचाहून जास्त फरक. दोन्ही कर्ण मात्र एकमेकांशी जुळत होते! मामांनी माझ्याकडे बघितलं, मी कागदाकडे.

०.४३ फूट म्हणजे ४.३ इंच नव्हे. फुटाचे इंच बारा, म्हणून ०.४३ गुणिले १२, सव्वापाचाच्या जरा आत. नेमकं मूळ ५७.४२८ घेतलं तर ५ इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोरी पुन्हा ताणली, खूण बरोबर तिथेच पडली. मामा म्हणाले, "मग आधीपण बरोबरच होतं की," आणि कुदळ उचलली.